गोचीड, करंजेल आणि बाडांतील पुरावा

आपल्या इतिहासाच्या साधनांत घोडा व हत्ती यांस जें स्थान मिळालें आहे तें बैलाला मिळालेलें नाहीं. पागेंतील घोड्याचा रंग, वय, किंमत व अंगावरील भोंवरे यांची नोंद कागदोपत्रीं सांपडते. परंतु ज्या बैलाच्या खांद्यावर मोहिमेची रसद व कुणब्याचें वर्षाचें पीक या दोहोंचा भार होता, त्याच्या रोगराईविषयीं दप्तरें बहुधा मुकीं आहेत. मग त्याच्या कातडीस चिकटलेल्या क्षुद्र जीवाची नोंद कोण ठेवणार? तथापि गोचीड हटविण्यासाठीं गुरांस जीं वनस्पतींचीं तेलें लावीत, त्यांचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे ग्रंथांतील वचन, लोकांतील रूढि व हस्तलिखितांतील टिपण या तिहींमध्यें किती अंतर आहे, हें स्पष्ट दिसूं लागतें. या चालीस पुरावा कोणता, त्याचें बल किती, आणि तो अधिक बळकट करण्यास संग्राहकांस काय करतां येईल, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहूं. मराठींत गोचीड हा शब्द निदान सातशें वर्षांचा जुना आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायांत, पातळ कातडीच्या पलीकडेच गोड व पवित्र दूध असतां तें टाकून गोचीड रक्तच पिते, असा दृष्टांत आला आहे. ज्या श्रोत्यांपुढें हा दृष्टांत मांडला गेला त्यांना गोचीड म्हणजे काय, ती कोठें चिकटते व काय शोषते, हें वेगळें सांगण्याचें कारण पडलें नाहीं. यावरून गुरांस होणारा हा उपद्रव यादवकाळीं सर्वांच्या नित्य पाहण्यांतला होता, हें निश्चित म्हणतां येतें. मात्र त्यावर उपाय कोणता करीत, हें त्या दृष्टांतावरून कळत नाहीं. उपद्रवाचा पुरावा हा उपायाचा पुरावा नव्हे, हें पहिलें पथ्य येथेंच ध्यानांत ठेविलें पाहिजे.

गोचिडीस आपण किडा म्हणतों. परंतु तिला आठ पाय असून ती कोळी व विंचू यांच्या वर्गांतील आहे. दख्खनमधील गुरांवर मुख्यत्वें दोन प्रकारच्या गोचिडी आढळतात. शास्त्रज्ञ जिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात ती आपल्या वाढीच्या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर सुमारें तीन आठवड्यांत पुऱ्या करते. मग रक्तानें टम्म फुगलेली मादी खालीं गळून पडते, गोठ्याच्या भेगांत किंवा दगडाखालीं हजारों अंडीं घालते व मरते. दुसऱ्या, हायलोम्मा जातीच्या गोचिडी वाढीच्या काळांत एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात. या जीवाचें खरें भय रक्तशोषणाहून मोठें आहे. इ. स. १८९३ मध्यें अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं गुरांचा ‘टेक्सास ज्वर’ गोचिडींमार्फत पसरतो हें सिद्ध केलें. तत्पूर्वीच्या कोणत्याही पशुवैद्यकांत लाल लघवी व गोचीड यांचा कार्यकारणसंबंध सांगितलेला असावा, अशी अपेक्षा धरणें योग्य होणार नाहीं. जुन्या उपायांचा हेतु जनावराची तळमळ थांबावी, दूध आटूं नये व कातडें बिघडूं नये, एवढाच होता.

आतां संस्कृत ग्रंथांकडे वळूं. पशुवैद्यकाचे आपले प्रसिद्ध ग्रंथ बहुतांशीं राजाच्या वाहनांविषयीं आहेत. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९४ मध्यें छापिला. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित कलकत्त्यास इ. स. १८८७ मध्यें प्रसिद्ध झालीं. गाईबैलांच्या वांट्यास त्या मानानें थोडें आलें. अग्निपुराणांत गवायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यांत शिंगांच्या रोगांवर सैंधवयुक्त तेल, कानांतील शुळावर औषधी तेल, आणि ग्रहपीडादि निवारणासाठीं देवदार, वेखंड, गुग्गुळ, हिंग, मोहऱ्या इत्यादिकांचा धूप सांगितला आहे. गोचिडीचें नांव घेऊन दिलेलें तेल मात्र त्यांत नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांतील गोऽध्यक्षप्रकरणीं बैलांच्या नित्याच्या आहारासोबत नाकांत घालण्यास एक कुडव व पाजण्यास एक प्रस्थ तेल नेमून दिलें आहे. म्हणजे गुरांसाठीं तेल ही सरकारी हिशेबांतील बाब फार प्राचीन आहे. परंतु हें तेल नाकांत व पोटांत जाणारें आहे, कातडीवर चोळण्याचें नव्हे.

माणसांच्या वैद्यकांत अधिक जवळचा पुरावा मिळतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील तैलवर्गांत निंब, करंज, इंगुदी, शेवगा, मोहरी, वावडिंग, मालकांगोणी इत्यादिकांच्या बियांचीं तेलें एकत्र सांगून तीं तीक्ष्ण, उष्ण आणि कृमि व कुष्ठ यांचा नाश करणारीं म्हटलीं आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानांत शरीराबाहेरील मलापासून होणाऱ्या कृमींत यूका म्हणजे उवा यांची गणना असून, त्यांवर प्रथम ओढून काढणें, मग मळ दूर करणें व मळ वाढविणाऱ्या गोष्टी टाळणें, असा क्रम दिला आहे. गोठ्यांतील गुराखी आजही हाच क्रम पाळतो. परंतु येथें एक अडचण आहे. ‘कृमि’ हा शब्द पोटांतील जंतांपासून व्रणांतील अळीपर्यंत सर्वांस लागू पडतो. कृमिघ्न तेल म्हणजे गोचीड हटविणारें तेल, असा अर्थ ग्रंथांतून काढणें हें अनुमान आहे, प्रत्यक्ष वचन नव्हे. अनुमान सयुक्तिक आहे म्हणून त्यास वचनाची प्रतिष्ठा देऊं नये.

प्रत्यक्ष वचन कसें असतें, हें पाहण्यासाठीं क्षणभर परदेशाकडे दृष्टि टाकणें उपयोगी होईल. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांतील रोमन मुत्सद्दी केटो यानें शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यांत मेंढ्यांविषयीं एक छोटें प्रकरण आहे. लोंकर कातरल्यावर जैतुनाच्या तेलाचा गाळ, एका कडधान्याचें उकळलेलें पाणी व मद्याचा गाळ यांचें मिश्रण मेंढ्यांच्या अंगास फांसावें, दोन-तीन दिवस तसेंच राहूं द्यावें, मग समुद्राच्या किंवा मिठाच्या पाण्यानें धुवावें. असें केल्यास खरूज होत नाहीं, लोंकर चांगली येते व गोचिडी त्रास देत नाहींत, असें तो सांगतो. येथें जनावर, द्रव्य, समय, कृति व फल हीं पांचही अंगें स्पष्ट आहेत, आणि गोचिडीचें नांव आहे. याच गोचिडीस लॅटिनमध्यें ‘रिसिनस’ म्हणत. एरंडाचें बीं तिच्यासारखें दिसतें म्हणून रोमन लोकांनीं त्या झाडासही तेंच नांव दिलें, असें प्लिनीनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद केलें आहे. आणि लिनीअसनें इ. स. १७५३ मध्यें एरंडाचें शास्त्रीय नांव ठेवितांना तोच शब्द घेतला. नांव गोचिडीचें असलें तरी तें केवळ आकारावरून पडलें आहे. एरंडेलानें गोचीड जाते असा अर्थ त्यांतून निघत नाहीं. नामसाम्यावरून उपयोग सिद्ध करण्याचा मोह आपल्याकडेही वारंवार होतो, म्हणून हें उदाहरण मुद्दाम दिलें.

आतां आपल्या प्रांतांतील व्यवहार पाहूं. तिळाचें तें तेल, असा मूळ अर्थ असलेल्या या शब्दापासून एरंडेल, खोबरेल, करंजेल हे शब्द बनले. शब्दाच्या अंगींच हें तेल मुरल्यावरून त्या त्या तेलाची घरगुती ओळख किती जुनी असेल याची कल्पना येते. करंजेल व लिंबोळीचें तेल हीं खाण्याचीं नव्हेत. दिवा, कातडें, खरूज व गुरें यांसाठीं त्यांचा उपयोग. कोंकणांत दिव्यास व त्वचेच्या विकारांस उंडीचें तेलही वापरीत. गुरांवरील प्रयोग सर्वत्र साधारण एकाच रीतीचा आहे. चिंधी तेलांत भिजवून कानाच्या पाळीमागें, शेपटीखालीं, जांघेंत, पोळीच्या घडींत व कासेच्या मुळाशीं चोळतात. मोठ्या गोचिडी हातानें काढून निखाऱ्यावर टाकतात. गोठ्यांत लिंबाच्या पाल्याचा धूर करतात. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाच्या खांद्यास तूप किंवा तेल व हळद चोळण्याची जी खांदेमळणी, तीही गुरांच्या अंगास स्नेह लावण्याचीच चाल आहे. परंतु तिचा हेतु जुवानें सोललेल्या खांद्यास आराम देणें हा असून, पावसाळा व गोचिडींचा सुकाळ यांशीं तिची वेळ जुळते म्हणून ती गोचिडीसाठीं निघाली, असें म्हणण्यास आधार नाहीं.

मग लेखी पुरावा कोठें शोधावा? बारा महालांच्या यादींत थट्टी, म्हणजे गुरांचा महाल, आहे. त्यामुळें दप्तरांतील खर्चाच्या नोंदींत तेल सांपडणें स्वाभाविक आहे. पण नुसता ‘तेल’ हा शब्द आपल्याला पुढें नेत नाहीं. तें दिव्याचें, चाकाच्या वंगणाचें, चामड्याच्या सामानाचें किंवा औषधाचें असूं शकेल. खरी जागा म्हणजे घराघरांतील बाडें. स्तोत्रें, मंत्र, देण्याघेण्याच्या याद्या, विंचवाचा उतारा व लेंकराच्या खोकल्याचें औषध यांच्या शेजारीं ‘बैलास किडे पडल्यास’ अशा प्रकारचीं दोन ओळींचीं टिपणें असावयाचीं तीं अशाच पानांवर. आपल्या संग्रहांत पत्रें, सनदा, महजर व बखरी यांस मान मिळतो. हीं पानें मात्र किरकोळ म्हणून वेगळीं काढलीं जातात, किंवा बांधणींत अस्तर म्हणून खपतात.

हीं पानें वाचतांना शब्दार्थाची सावधगिरी फार लागते. ‘लिंब’ हा शब्द कडूलिंबासही लागतो व आंबट लिंबासही. ‘लिंबाचा रस’ आणि ‘लिंबाचें तेल’ यांतील झाड संदर्भावरूनच ठरवावें लागतें, आणि लिप्यंतर करणाऱ्यानें तेथें आपल्या मनानें ‘लिंबू’ असें शुद्ध करून टाकिलें तर उपायाचा अर्थच नाहींसा होतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो व शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळें ही अडचण वाढते. करंजाचीही हीच गत आहे. संस्कृतांत करंज, पूतिकरंज व लताकरंज अशीं नांवें असून शेवटचें सामान्यतः सागरगोट्यास लावितात. एकाच्या बियांचें तेल घाण्यावर सहज निघतें, दुसऱ्याचें तसें नाहीं. ‘कडू तेल’ हें तिसरें उदाहरण. देशावर या शब्दानें करंजेल समजलें जाईल. परंतु ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील मराठी घराण्याच्या बाडांत तोच शब्द, हिंदीच्या सहवासानें, मोहरीच्या तेलासाठीं आलेला असूं शकतो. म्हणून बाड कोठून मिळालें याची नोंद नसेल तर अशा टिपणाचा अर्धा अर्थ तेथेंच हरवतो.

याच टिपणांतील द्रव्यें कालनिर्णयासही उपयोगी पडतात. बाडें एका हातचीं व एका काळचीं क्वचितच असतात. आजोबांच्या पानावर नातवानें भर घातलेली असते. अशा वेळीं अक्षराच्या वळणाबरोबर पदार्थांकडेही लक्ष द्यावें. गोचिडीवर तंबाखूचें पाणी सांगितलें असेल तर तें टिपण पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतील ही वनस्पति इकडे आणण्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं. असद बेगानें विजापुराहून तंबाखू अकबराच्या दरबारीं नेली ती त्या बादशहाच्या अगदीं अखेरच्या वर्षांत, म्हणजे इ. स. १६०५ च्या सुमारास. भुईमुगाचें तेल आलें असेल तर तेंही अमेरिकेंतून आलेलें द्रव्य होय. सीताफळाच्या बियांचा लेप उवांवर प्रसिद्ध आहे. तें झाडही अमेरिकेंतील असून पोर्तुगीजांबरोबर आलें असें सामान्यतः मानितात, मात्र भारहुतच्या शिल्पांत तें फळ दिसतें असें कनिंगहॅमनें म्हटल्यापासून त्याविषयीं वाद चालत आला आहे, म्हणून एकट्या सीताफळावर काळ ठरवूं नये. रॉकेलाचा उल्लेख असेल तर टिपण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडचें, हें उघड आहे. उलट, केवळ करंज व लिंब असल्यानें टिपण प्राचीन ठरत नाहीं. तीं झाडें तेव्हांही होतीं व आजही आहेत. नव्या द्रव्यामुळें टिपणाच्या काळाची वरची मर्यादा ठरते. जुन्या द्रव्यावरून काळ मुळींच ठरत नाहीं.

या तेलांत खरोखर गुण आहे काय, हें पाहणें इतिहासकाराचें मुख्य काम नसलें तरी त्याकडे दुर्लक्ष करणेंही बरें नव्हे. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं इ. स. १९४२ मध्यें लिंबाच्या तेलांतून निंबिन हें कडू द्रव्य वेगळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. इ. स. १९६२ मध्यें दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिंबोळीचें पाणी फवारलेल्या पिकास टोळ तोंड लावीत नाहींत, हें दाखविलें. इ. स. १९६८ मध्यें अ‍ॅझाडिरॅक्टिन हें द्रव्य वेगळें झालें. तें किड्यांची भूक मंदावतें व त्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेंत बिघाड करतें. गोचिडींवरील प्रयोगांतही लिंब व करंज यांच्या अर्कांनीं अंडीं घालण्याचें प्रमाण घटतें, असें आढळलें आहे. आणि कोणतेंही दाट तेल तिच्या श्वासरंध्रांवर बसून तिला गुदमरवूं शकतें. परंतु मर्यादाही स्पष्ट आहेत. ऊन व पाऊस लागतांच या तेलांचा गुण लवकर ओसरतो, तीं पुनःपुन्हां लावावीं लागतात, घाण्याघाण्याच्या तेलांत फरक असतो, आणि गोठ्याच्या भेगांत पडलेल्या अंड्यांस जनावरावरील तेल पोंचत नाहीं. जुन्या लोकांनीं तेलाबरोबर वेंचणें, धूर व गोठ्याची झाडलोट हीं सांगितलीं तीं यामुळेंच सार्थ ठरतात. विसाव्या शतकांत सोमल, डी.डी.टी. व पुढें इतर रासायनिक औषधें आलीं. त्यांनीं काम झटपट झालें, परंतु त्यांपैकीं सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन यांस दाद न देणाऱ्या गोचिडी भारतांतही निपजल्या आहेत. या कारणानें जुन्या तेलांकडे संशोधकांचें लक्ष पुनः वळलें आहे.

आणि येथेंच संग्राहकांच्या कपाटाचा संबंध बाहेरच्या जगाशीं जडतो. अमेरिकेंत इ. स. १९९५ मध्यें हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलें गेलें. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने संस्कृत आधार व इ. स. १९५३ मधील एक छापील निबंध इत्यादि लेख पुढें ठेविल्यावर तें इ. स. १९९७ मध्यें रद्द झालें. लिंबाच्या तेलानें वनस्पतींवरील बुरशी आटोक्यांत आणण्याच्या रीतीवर युरोपीय पेटंट कार्यालयानें इ. स. १९९४ मध्यें पेटंट दिलें. तें इ. स. २००० मध्यें रद्द झालें व इ. स. २००५ मध्यें अपिलांतही तोच निकाल कायम राहिला. त्या पहिल्या सुनावणींत पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष झाली, इ. स. १९८५-८६ मध्यें पुणें व सांगली या जिल्ह्यांत लिंबाच्या अर्काचे प्रयोग शेतांत कसे झाले, हें त्यांनीं सांगितलें. ‘आमच्याकडे हें पूर्वापार चालत आलें आहे’ एवढें म्हणून भागत नाहीं. कोठें, केव्हां व कोणत्या रीतीनें, हें दाखवावें लागतें. इ. स. २००१ पासून सरकारनें पारंपरिक ज्ञानाचा जो संगणकीय कोश तयार करविला त्याचा भर आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादि शास्त्रांच्या ग्रंथांवर आहे. गुराख्याचें व गृहस्थाचें ज्ञान ग्रंथांत नाहीं, तें बाडांच्या सुट्या पानांवर आहे. आणि तीं पानें आपल्या हातीं आहेत.

म्हणून संग्राहकांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात. औषधाचें पान बाडांतून सुटें करूं नये. शेजारच्या पानावरील मिति व हिशेब हाच त्याचा कालसाक्षी असतो. बाड कोणत्या गांवीं मिळालें, तें घराणें शेतकरी, जोशी, तेली कीं धनगर, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. मजकूर उतरतांना वनस्पतीचें नांव जसें असेल तसें ठेवावें व आपला अर्थ निराळा द्यावा. शेर, पावशेर, तोळा, मासा हीं मापें बदलूं नयेत. भर घातलेल्या ओळी दुसऱ्या हातच्या असल्यास तसें नमूद करावें. आणि शक्य तेथें त्या गांवच्या वृद्ध गुराख्यास तो मजकूर वाचून दाखवून, त्याचें म्हणणें तारखेसह टिपून घ्यावें; लाकडी घाणे बहुतेक गांवांतून उठले, आतां करंजेल हा शब्द ओळखणारींही माणसें विरळ होत चाललीं आहेत.

गोचिडीवरील तेलाचा इतिहास आज एवढ्यावर येऊन थांबतो: उपद्रव तेराव्या शतकापासून मराठींत निश्चित आहे, तेलांचा कृमिघ्न गुण त्याहून फार पूर्वीं ग्रंथांत सांगितला आहे, आणि या दोहोंस जोडणारी चाल व्यवहारांत प्रत्यक्ष दिसते. मधला दुवा म्हणजे काळ व स्थळ सांगणारें एखादें साधें टिपण. तें ज्या कोणाच्या संग्रहीं असेल त्यानें तें किरकोळ समजून टाकून न देतां प्रसिद्ध करावें, अशी नम्र विनंति आहे. इत्यलम्.